विमानावरचं अक्षर

राजिवडा, रत्नागिरी
३ ऑक्टोबर १९५४

१. ११ एप्रिल १९५४, रविवार. आमच्या घरी आपल्या मंगनीचं जेवण होतं. माणसं बावीस.

२. माझ्या अम्मासाठी तुम्ही पांगाऱ्याच्या लाकडाचं हरिकेन विमान केलं होतं. माप एका फुटाला पाव इंच. माझा भाऊ मन्सूर २१ फेब्रुवारी १९४५ रोजी ब्रह्मदेशात ज्या विमानात गेला, त्याची ती प्रतिकृती.

३. त्यावरच्या ट्रान्सफर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, मी केल्या होत्या. गोल सहा, शेपटीचे पट्टे दोन, क्रमांक दोन, अक्षरं दोन.

४. अक्षर 'आर' घाल, असं तुम्ही सांगितलं होतं.

५. मी 'एच' घातलं. तुम्हाला आधी कळवलं नाही.

६. जेवणानंतर विमान अम्माच्या हातात दिलं. अक्षर एच आहे हे तिला आणि सर्वांना कळलं.

७. एच हे विमान वायुदलात तुमच्या ताब्यात होतं. तुम्ही त्याचे फिटर. रोज सकाळी ते तपासून 'उड्डाणास योग्य' अशी सही तुम्ही करत होता. राजिवड्यात हे सगळ्यांना माहीत होतं, कारण एचच्या गमती तुम्हीच सांगत होता.

८. तुम्ही म्हणालात, "अक्षर बरोबर आहे." आणि उठलात.

९. १३ एप्रिलला तुम्ही बोटीने मुंबईला गेलात, जूनमध्ये नोकरीसाठी बहरिनला. तेव्हापासून तुमचं पत्र नाही, माझंही नाही. हे पहिलं.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे. तरी लिहिलं, कारण गेले सहा महिने गावात या प्रसंगाच्या चार तरी आवृत्त्या चालू आहेत. एकीत तुम्ही ताट भिरकावलंत. तुमच्या-माझ्यात निदान एक तरी नक्कल सारखी असावी.

पत्रावर नाव घातलेलं नाही. लहानपणापासून मी तुम्हाला कमालभाय म्हणत आले. मंगनी ठरल्यावर 'भाय' सोडलं, आणि त्या जागी काय म्हणायचं हे ठरायच्या आत तुम्ही गेलात.

पत्ता तुमच्या बहिणीकडून घेतला. फरीदा कुंपणाच्या पलीकडे मासे साफ करत होती. मी पत्ता मागितला तर मान वर न करता म्हणाली, "कशाला गो? आता तिकडच्या विमानांची पण अक्षरं तपासायची हायत?" तिने सुरी धुतली, हात पुसले आणि पत्ता एका बिलाच्या पाठीवर लिहून दिला. "तुझं अक्षर ओळखून पत्र फोडलंच नाय त्याने, तर माझ्याकडे रडत येऊ नको." मी रडत जाणार नाही हे तिला माहीत आहे. माझ्याबद्दल तिची मुख्य तक्रार तीच आहे.

एच मला कसं कळलं, हे तुम्ही कधी विचारलं नाही. मन्सूरची पेटी ४५ सालापासून अम्माच्या खाटेखाली बंद होती. तुम्ही दिलेली मापं ताडून बघायला मी किल्ली मागून घेतली. मुंबईच्या छापखान्यात तीन वर्षं मला एकच गोष्ट शिकवली: दुसऱ्याच्या नकलेवरून नक्कल करू नये, मूळ बघावं. पेटीत त्याची उड्डाणांची वही होती. प्रत्येक ओळीत तारीख, विमानाचा क्रमांक, अक्षर, वेळ. ऑक्टोबर ४४ पासून सगळीकडे आर. शेवटची ओळ दुसऱ्या कुणाच्या हाताने, लाल शाईत. तिथे एच.

तुमची बाकी सगळी मापं बरोबर होती. गोल सोळा इंची, म्हणजे आपल्या मापात इंचाचा तिसरा हिस्सा. मध्ये लाल ठिपका नाही. ब्रह्मदेशात आपल्या विमानांवरून लाल रंग काढून टाकला होता, कारण जपान्यांच्या विमानावर लाल गोळा असायचा आणि घाईत आपलीच माणसं आपल्यावर गोळ्या झाडत. विलायती खोक्यात मिळणाऱ्या ट्रान्सफरमध्ये तो लाल ठिपका असतोच, म्हणून त्या टाकून आपण स्वतःच्या करू, हे तुम्ही मला शिकवलंत. एवढं सगळं खरं सांगून एक अक्षर आणि एक क्रमांक तेवढा खोटा सांगितलात.

रझिया

---

१७ ऑक्टोबर १९५४

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तराची वेळ अजून झालेली नाही, मला हिशेब येतो.

बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे गिरवणारी ट्रेसर अजून मीच. सध्या पावसच्या रस्त्यावरच्या मोरीचे नकाशे आहेत. हेडक्लार्क मला "विमानवाली बाई" म्हणतात, आणि म्हणाल्यावर स्वतःच हसतात.

ट्रान्सफरचं काम मी बंद केलेलं नाही. छोट्या विमानांचं सामान विकणाऱ्या मुंबईच्या फोर्टातल्या त्या दुकानाने जुलैत विचारलं की पूर्वी वायुदलात असलेले लोक ब्रह्मदेशातल्या आपल्या विमानांच्या खुणा मागतात, एक पूर्ण पान करून द्याल का. मन्सूरच्या वहीत त्याच्याबरोबर उडणाऱ्यांची विमानं लिहिलेली आहेत. त्यातून आठ निवडली. पानावर आठ अक्षरं, आठ क्रमांक, गोलांच्या चार ओळी. छपाई मुंबईला झाली. निळा रंग अर्धा केस सरकला आहे, तो मला दिसतो, गिऱ्हाइकाला दिसत नाही. डिंकाचा थर मात्र चांगला आहे. पाऊण मिनिट पाण्यात ठेवलं की चित्र कागदावरून आपोआप सुटतं.

आठांमध्ये एच आहे. ते वगळायचं का, असा विचार मी केला होता. वगळलं नाही.

आता लिहायचं कारण. परवा दुकानाच्या पाकिटातून माझ्या नावे एक चिठ्ठी आली. हरिश्चंद्र नावाच्या कुणाची. मूळ मंडणगडकडचा, हल्ली परळला मोटारींच्या गॅरेजात. दुकानाच्या काचेत माझं पान बघून आत गेला, आणि हे कुणी काढलं, असं विचारत अर्धा तास बसून राहिला. चिठ्ठीत एवढंच: "मी त्या तुकडीत बंदुकांवर होतो. एच कुणी सांगितलं ते कळावं. दिवाळीला गावी येतोय. रत्नागिरीस येऊन भेटेन."

तुम्ही या माणसाचं नाव कधी घेतलं नाही. बाकी सगळ्यांची घेतलीत. स्वयंपाकी, पाणक्या, ते माकड पाळणारे मद्रासी साहेब. एच सकाळी खोकल्याशिवाय उठत नाही, म्हणून तुम्ही तिला म्हातारी म्हणायचात, हेही माहीत आहे. हरिश्चंद्र नाही.

रझिया

---

३१ ऑक्टोबर १९५४

हरिश्चंद्र गुरुवारी आला. मंडणगडहून पहाटेची गाडी धरून दुपारी दोनला राजिवड्यात. पायात मोठे बूट, हातात घावन्यांची पुरचुंडी. "आयशीनं दिल्यान," म्हणाला. अम्मा आतल्या खोलीत झोपली होती. मी त्याला ओटीवर बसवलं. त्याने मला नीट बघून घेतलं.

"बाय, तुमी कमालची मंगेतर ना?"

"होते," मी म्हटलं.

तो चहा बशीत ओतून बराच वेळ फुंकत राहिला. मग बोलला. मी उठल्यावर लगेच लिहून ठेवलं. शब्द त्याचे आहेत, एखादा इकडेतिकडे.

"त्या सकाळी मी तिच्या पंखाखाली गोळ्या भरत व्हतो. कमाल इंजिनावर. मन्सूरसायबांची आर आदल्या दिवशी मार खाऊन आलेली, सगळी उघडून ठेवलेली. दुसरं इमान नाय. सायब चालत आले. कमाल म्हनला, 'हिचं पानी गळतंय. वर गेली की तापंल. हिला आज सोडत नाय.' वहीत तसं लिवलंन पन. सायब म्हनले, 'नदीपल्याड पलटन अडकलीय, कमल्या. अर्ध्या तासाचं काम. सही कर.' हा म्हनला, 'नाय करीत.' चारचौघांत म्हनला बाय! सायबाला! दुसऱ्या कुनी म्हनलं असतं तर कोठडी."

मी विचारलं, "मग सही कशी झाली?"

"सायब हसले. ह्याच्या खांद्यावर हात टाकून वाकले आनि कानात काय तरी बोलले. तुमच्या राजिवड्याच्या बोलीत. मला कळलं नाय. पंखा फिरत व्हता शेजारच्या इमानाचा. ह्यानं पेन्सिल घेतलीन, वर लिवलेलं खोडलंन, आनि सही केलीन."

एच काम करून परत आलं होतं. हेही तुम्ही कधी सांगितलं नाही. विमानपट्टीच्या अलीकडे इंजिन बंद पडलं, आणि ते झाडांत गेलं. हरिश्चंद्र सांगतो, तुम्ही सगळ्यांच्या पुढे धावलात आणि तुमच्या भुवया जळल्या. मला आठवतं, ४६ साली तुम्ही परत आलात तेव्हा फरीदा म्हणाली होती, भाय असा काय दिसतो, चेहरा पुसल्यासारखा.

"चौकशी झाली," तो म्हणाला. "मोठ्या सायबानं इचारलं, गळती दिसली व्हती? म्हनला, व्हय. मग सही कशी केलीस? गप. तीनदा इचारलं. गप. एका शब्दानं सुटला असता, बाय. 'त्यांनी करायला लावली,' एवढंच म्हनायचं व्हतं. हातावरची हुद्द्याची पट्टी काढून घेतलीन त्याची."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

त्याने बशी खाली ठेवली. "मला कुनी इचारलं नाय. आनि मंग कमाल माझ्याशी बोलला नाय कदी. मी ती हुज्जत ऐकलेली त्याला ठावं व्हतं ना."

जाताना त्याला विमान बघायचं होतं. ते कपाटावर असतं. त्याने हातात घेतलं नाही, हात मागे बांधून चारी बाजूंनी बघितलं. गोल बघितले, पट्टे बघितले. एच बघितलं. "बरोबर हाय," म्हणाला. नंतर नाकाच्या खालचा भाग दाखवून म्हणाला, "हितनं गळायचं." लाकडाच्या विमानात तिथे काहीच नाही, तुम्ही सपाट ठेवलं आहे. बाकी ठिकाणी तुम्ही झडपेची रेघसुद्धा कोरली आहे.

साडेचारच्या गाडीने तो गेला. घावने ताजे होते. मी खाल्ले नाहीत, शेजारी दिले.

त्याने सांगितलेलं खरं धरायचं की नाही, हे ठरवायला माझ्याकडे मूळ नाही. वहीत फक्त अक्षर आहे. मूळ तुमच्याकडे आहे.

रझिया

---

७ नोव्हेंबर १९५४

कमाल,

पहिल्या पत्रातला क्रमांक ६ चुकीचा आहे. नकाशात चूक सापडली तर ती खरवडून काढत नाहीत, बाजूला तारीख घालून दुरुस्ती लिहितात. तशी लिहिते.

"अक्षर एच आहे हे तिला आणि सर्वांना कळलं," असं मी लिहिलं. कसं कळलं ते लिहिलं नाही.

अम्माच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिला विमान दिसतं, अक्षर दिसत नाही. विमान मांडीवर घेऊन ती बोटांनी चाचपत होती. पंख, शेपूट, काचेची टोपी. बाजूवर बोट तीनदा फिरवलं. ब्रशाने रंगवलेलं अक्षर बोटाला लागलं असतं. माझी ट्रान्सफर लागत नाही. कड दिसू नये, लागू नये, म्हणून मी तिच्यावर व्हार्निशचे चार हात दिले होते. त्याचा मला अभिमान होता. तेव्हा तिने मला विचारलं, "कुठलं गो अक्षर हाय? त्याचं आरच ना?"

मी हो म्हणू शकले असते. इंग्रजी वाचणारे त्या खोलीत तीनजण होते, तिघेही दाराशी पान खात होते. तुम्ही माझ्याकडे बघत होता. तुम्हाला ते आधीच दिसलं होतं, विमान आतून आणलं तेव्हाच. तुम्ही काहीही बोलला नव्हता. मला सगळं दिसत होतं.

मी म्हटलं, "नाही अम्मा. एच. कमालभायचं विमान." मोठ्याने म्हटलं. 'भाय' परत लावलं.

दुसरी दुरुस्ती. वही मी २३ मार्चला उघडली. मंगनी ११ एप्रिलला. मध्ये एकोणीस दिवस. त्यातले बहुतेक दिवस तुम्ही संध्याकाळी कुंपणाशी येत होता. एकदा पंखाची कड नीट घासली गेली आहे का, हे बघायला माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलंत. तेव्हा विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मन्सूरसाठी मला राग आला होता, असं मी सगळ्यांना भासू दिलं, स्वतःलाही. तसं नव्हतं. तुम्ही माझ्या हातून खोटं अक्षर घालून घेणार होता, याचा राग होता. माझ्या कामाचा. एवढ्याशासाठी मी तुम्हाला बावीस माणसांसमोर उभं केलं. हे वाक्य लिहायला मला सात महिने लागले. त्याआधी चार कागद फाडले आहेत.

हरिश्चंद्राने सांगितलेलं मी अम्माला परवा सांगितलं. सांगू नये असं मला वाटत होतं. तुम्ही नऊ वर्षं गप्प राहिलात ते तिच्यासाठीच, एवढं मला आता कळतं. आपल्या मुलाने स्वतःच सही करायला लावली, हे तिला कळू नये, म्हणून. पण तुमच्या वाट्याला आलेलं ती रोज ऐकते. विहिरीवर बायका बोलतात. ती त्यांना गप्प करत नव्हती. म्हणून सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. दिसत नसलं तरी खडा तिच्या बोटांना कळतो. माझं सांगून होईपर्यंत तिचा हात थांबला नाही. मग म्हणाली,

"माझा मन्सूर मला कुणी सांगायला नको. तरीची होडी भरलेली असायची, तांडेल वरडायचा, तरी हा उडी मारायचाच. आणि कमल्याला हाक मारायचा, ये रे, काय होत नाय. तो बिचारा पाठनं पाण्यात."

तिने एक खडा बाजूला टाकला.

"आठ ईदा तो माझ्याकडे आला गो. शीरखुर्मा खाल्लान. वाटी पुढे करून आणखी मागितलान. तेव्हा हे गिळून बसला होता?"

मी म्हटलं, "हो."

"आणि तू त्याला माझ्याच घरातनं उठवलंस."

"हो."

ती मला आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. विमान आण म्हणाली. आणलं. मी विचारलं, एच काढून आर घालू का? व्हार्निशखालची ट्रान्सफर निघत नाही, खरवडावी लागते, खाली लाकूड दिसतं. पण मी ते केलं असतं. ती म्हणाली, "राहू दे. शेवटचा हात आपल्या माणसाचा लागला त्याला. कुणा परक्याने नाय पाठवलान." मग बोट त्या जागी ठेवलं. अक्षर कुठे आहे ते तिला आता पाठ झालं आहे.

तेवढ्यात तिला ते सुचलं. मला हरिश्चंद्र सांगत होता तेव्हाही सुचलं नव्हतं. मी गळती, सही, पट्टी, वेळ एवढंच धरून बसले होते.

"कानात काय म्हणाला गो माझा पोरगा?"

"माहीत नाही, अम्मा. त्याला ऐकू आलं नाही."

"कमल्याला आलं ना?"

"त्याला आलं."

"मग विचार त्याला. अंदाजाने काय सांगू नको मला. तू विचार."

मन्सूर गेल्याच्या तारेतून तिला मिळालेले शब्द इंग्रजी होते, तेही पोस्टमास्तरने वाचून दाखवलेले. मुलाचे स्वतःचे शेवटचे शब्द या जगात एका माणसाकडे आहेत. ते काही असोत. शिवी असली तरी चालेल, असं ती म्हणते. राजिवड्याच्या शिव्या तिला येतात.

फरीदा सांगते, तुमचा करार १५ डिसेंबरला संपतो, आणि तुम्ही आणखी तीन वर्षांच्या कागदावर सही करणार आहात. काल तिने कुंपणावरून मला हाक मारली. मी किती पत्रं टाकली हे तिला पोस्टमनकडून कळलं असावं. म्हणाली, "तीन पत्रं झाली. एकात तरी त्याला ये म्हणालीस काय?" मी म्हटलं, ते म्हणायचा हक्क मला आहे का, हे मला ठरवता येत नाही. "ठरव मग लवकर," म्हणाली, "मोरी बांधून होईल तुझी तोपर्यंत." आणि आत गेली. मग परत बाहेर आली आणि मला पापडी दिली.

हरिश्चंद्राला मी 'होते' म्हटलं. ती दुरुस्ती मला एकटीला करता येत नाही. तुम्ही उठलात तेव्हा अंगठी परत मागितली नाहीत. ती माझ्याकडे आहे, रूळपेनांच्या डबीत. बोटात घालत नाही. घातली तर कंपास धरताना कागदावर आवाज होतो, हे कारण मी विचारणाऱ्यांना देते.

इथून फक्त एवढं मागते. मन्सूर तुमच्या कानात काय म्हणाला, ते अम्माला लिहून पाठवा. मी वाचून दाखवीन. जसं असेल तसं, एकही शब्द न बदलता. मला काही लिहायचं असेल तर वेगळ्या कागदावर लिहा, नसेल तर लिहू नका. पण त्या तीन वर्षांच्या करारावर सही करण्याच्या आधी लिहा.

उत्तर १० डिसेंबरपर्यंत इथे पोचावं. पत्र तोवर पोचणार नसेल तर तार करा.

रझिया